अर्ध्याचा वर्ग

ठकूच्या दप्तरात मी टाचणी शोधत होते, वही शोधत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की आई पोरीवर पाळत ठेवून होती. टाचणी सापडली नाही. गणिताची वही सापडली, आणि ती हातातून निसटून जिथे उघडली त्या पानावर एक चौकोन होता. पट्टी न लावता काढलेला, थोडा कललेला. मोठ्या चौकोनात लिहिलं होतं ‘एक्सचा वर्ग’. त्याच्या उजव्या अंगाला एक उभी पट्टी, खालच्या अंगाला एक आडवी पट्टी, दोन्हींत ‘तीन एक्स’. आणि खाली उजवीकडे, दोन पट्ट्या जिथे एकमेकींना भेटायला हव्यात पण भेटत नाहीत, तिथे तुटक रेघांनी काढलेला एक रिकामा कोपरा. कोपऱ्याशेजारी ठकूच्या बारीक अक्षरात: ‘इथे नऊ हवेत, आहेत पाच, कमी चार.’ आणि त्याखाली, ठकूच्या नव्हे अशा ऐसपैस अक्षरात, हिरव्या शाईनं: ‘सुंदर!’ चोवीस वर्षं मी गणित शिकवते आहे. वह्यांवर मी ‘बरोबर’ लिहिलंय, ‘चूक’ लिहिलंय, ‘अक्षर सुधारा’ तर इतक्या वेळा लिहिलंय की माझं स्वतःचं अक्षर त्यात बिघडलं. ‘सुंदर’ मी कधीच कुणाला लिहिलं नाही. सुंदर काय, ते गणित होतं.

गणित तसं साधंच. एक्सचा वर्ग अधिक सहा एक्स अधिक पाच, ही वर्ग बहुपदी शिरोबिंदूच्या रूपात मांडा. पूर्ण वर्ग पद्धत. मला कुणी भर रस्त्यात थांबवून विचारलं तरी मी सांगेन. एक्सचा सहगुणक सहा, सहाचे अर्धे तीन, तीनाचा वर्ग नऊ. नऊ मिळवा, नऊ वजा करा. एक्स अधिक तीन, सगळ्याचा वर्ग, उणे चार. शिरोबिंदू उणे तीन, उणे चार. झालं. माझ्या वर्गात हे एका सुरात चालतं. मी डस्टर टेबलावर आपटते आणि मुलं ओरडतात, ‘अर्धे करा! अर्ध्याचा वर्ग! मिळवा! वजा करा!’ मधल्या सुट्टीत मैदानावरसुद्धा ओरडतात, आणि मला माझ्या मागे ‘अर्ध्या बाई’ म्हणतात हेही मला ठाऊक आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. वीस वर्षांपूर्वी शिकून गेलेली एक मुलगी परवा दवाखान्यात भेटली, स्वतः डॉक्टर झालेली, आणि माझ्या छातीला नळी लावता लावता म्हणाली, ‘बाई, अर्ध्याचा वर्ग मिळवा, वजा करा, अजून पाठ आहे.’ तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू. पण त्या वहीपुढे उभी राहिले आणि पहिल्यांदाच कळलं की पूर्ण वर्ग, पूर्ण वर्ग म्हणून मी चोवीस वर्षं कंठशोष केला, आणि पूर्ण काय करायचं असतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. खरोखरचा एक चौकोन असतो. त्याचा खरोखरचा एक कोपरा उणा असतो. अर्धे करायचे ते सहाची पट्टी दोन बाजूंना वाटायची म्हणून. नऊ यायचे ते कोपरा भरायचा म्हणून. आमच्या बाईंनी मला मंत्र दिला, मी तो जसाच्या तसा पुढे दिला, मधे कुणी डोळे उघडलेच नाहीत. मी खाली बसले. मला लाज वाटायला हवी होती. लाज नाही वाटली, मत्सर वाटला. हिरव्या शाईचा मत्सर.

ती शाई ब तुकडीच्या नव्या बाईची. आमच्या शाळेत नियम आहे की स्वतःच्या मुलाच्या तुकडीवर शिकवायचं नाही. म्हणून अ तुकडी माझ्याकडे, आणि ठकू ब तुकडीत. नियम चांगला आहे, मीच एकदा सभेत त्याची बाजू घेतली होती. तेव्हा ब तुकडीवर एक निवृत्तीला टेकलेले सर होते आणि त्यांच्याकडून ठकूला काही मिळेल अशी धास्ती नव्हती. ते गेले आणि ही आली. वय तिशीच्या आतबाहेर. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवते. टेबलाच्या कडेवर बसून शिकवते, हसते तेव्हा मागच्या दाढा दिसतात. शिक्षकखोलीत मला ‘ताई’ म्हणते. मला धाकटी बहीण नाही, आणि हवी असं मी कुणाला सांगितलेलंही नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते असंच. सहा महिन्यांत मुलं तिच्याभोवती अशी की तिला जिन्यातून उतरायला वाट काढावी लागते. आणि एक दिवस सकाळी मी पाहिलं, ठकूनं स्वतःचं घड्याळ उलटं बांधलं होतं, तबकडी आत. ‘असं का गं?’ ‘काच घासत नाही म्हणून.’ बरोबरच आहे, काच घासत नाही. मी त्या दिवशी तिच्या डब्याचं झाकण इतकं घट्ट लावलं की शाळेत तिला ते उघडेना.

माझं दुखणं घड्याळाचं नव्हतं, खुर्चीचं होतं. ठकू तिसरीत असल्यापासून संध्याकाळी चहा झाला की आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसायचो. तिची खुर्ची खिडकीशी, माझी तिच्या उजव्या हाताला. लिहिताना तिचं कोपर माझ्या कोपराला लागायचं. आधी तिचं कोपर माझ्या कमरेला लागे, मग हळूहळू वर आलं. दिवसभर मी चाळीस-चाळीस मुलांची बाई असते, त्या एका तासात मी एकीचीच. ती अडली की पेन्सिलीचं टोक ओठाला लावते, आणि मी काही बोलायच्या आत खुर्चीत नुसती हलले तरी तिला कळतं की तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय. आता काही आठवडे ती खुर्चीत बसतच नव्हती. ‘झालाय माझा अभ्यास.’ ‘कधी?’ ‘शाळेतच समजलं, आई.’ शाळेतच समजलं! कुठल्या शिक्षिकेला हे ऐकून धन्य वाटणार नाही? मी टेबल पुसायची. पुसलेलं टेबल परत पुसायची. पिकतं तिथे विकत नाही, असं मनात म्हणायची, आणि त्या म्हणीनं काडीचंही समाधान व्हायचं नाही. मला ती खुर्ची परत हवी होती. दुसरं काही नको होतं.

त्या संध्याकाळी मी वही टेबलावर उघडी ठेवली आणि चहा ओतला. ‘हे काय गं?’ ठकूनं पाहिलं. ‘कुठे काय?’ ‘हा चौकोन.’ ‘अगं, ते बाईंनी दाखवलं. सोपं जातं.’ ‘मी शिकवते ते अवघड जातं का?’ ‘तसं नाही गं आई.’ ‘मग कसं?’ नेमका तेव्हा तिचा बाबा हात पुसत आला. माझा नवरा फरश्या बसवण्याची कामं घेतो. त्याच्या खिशात नेहमी मोजपट्टी असते आणि त्याला कुठल्याही घरात नेलं तर तो आधी खाली बघतो. त्यानं वही फिरवून घेतली. ‘ही मोठी फरशी. ह्या दोन पट्ट्या. आणि कोपऱ्यात तुकडा कमी पडलाय. रोजचंच आहे की.’ ठकू हसली. ‘बाबा, अगदी हेच बाईंनी सांगितलं!’ तो खूश झाला, आणखी सरसावून बसला. ‘नऊचा कोपरा, हातात पाच तुकडे, म्हणजे चार आणावे लागणार. याला तुम्ही पूर्ण वर्ग म्हणता होय? मग बरोबर नाव आहे. तू कधी बोलली नाहीस.’ दहावीत गणितात दोनदा नापास झालेला माणूस. मी साखर ढवळत राहिले, माझ्या चहात साखर नसते. तेवढ्यात ठकूनं विचारलं, सरळ मनानं विचारलं, ‘आई, तुला तर हे माहीत असेलच ना?’ ‘माहितीये की,’ मी म्हणाले. ‘त्यात काय.’ ठकू माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या ओळीतलं चिन्ह चुकलं की मी जशी तिच्याकडे बघते, तशी. मग तिनं वही मिटली आणि दप्तरात ठेवली, आणि त्यानंतर ती वही मला घरात कधी उघडी दिसली नाही.

त्यानंतरचे दिवस मी त्या बाईशी भांडण्यात घालवले. ती समोर नसताना. अंघोळ करताना, भाजी निवडताना, सिग्नलला उभी असताना. माझे मुद्दे बिनतोड होते. सहा एक्स उणे असले तर काय करशील गं? उणे पट्टी कशी काढशील, दाखव बरं. एक्सचा सहगुणक पाच असला तर? अडीचचा चौकोन काढत बसशील? एक्सच्या वर्गाला तीन लागले असले तर मुलं बाहेरचा तीन विसरून कोपरा तसाच वजा करतील, मग रडत माझ्याकडे येतील. चित्रावर लोभ जडला की मुलं आकडेमोड सोडतात. सगळं खरं होतं. माझ्या जागी कुणीही अनुभवी शिक्षिका हेच म्हणाली असती, म्हणूनच मला त्यावर पूर्ण विश्वास बसत नव्हता. आणि भांडता भांडता माझा हात मधेच थांबायचा आणि न्हाणीघराच्या भिंतीवर, वाफेत, बोटानं मी चौकोन काढायची. उणे पट्टी कशी काढतात तेही मला तिथेच सुचलं; पट्टी चिकटवायची नाही, आतून कापून घ्यायची, मग कोपरा दोनदा कापला जातो, म्हणून तो परत द्यायचा. इतकं छान होतं ते की मी क्षणभर कुणाला तरी सांगायला वळले. सांगणार कुणाला? ते तिला सहा वर्षांपूर्वीच सुचलं असेल. मी भिंतीवर पाणी मारलं.

एकदा मी तिचा तास बाहेरून पाहिला. माझा मोकळा तास होता, आणि ब तुकडीच्या पलीकडच्या खोलीत नकाशे ठेवतात. मला नकाशा कशाला हवा होता हे कुणी विचारलं नाही. खिडकीची एक काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलाय, पुठ्ठ्याच्या कडेनं फळा दिसतो. फळ्याशी ठकू उभी होती. माझ्यासमोर तोंडातल्या तोंडात बोलणारी माझी पोर खडू हातात धरून खणखणीत आवाजात वर्गाला सांगत होती, ‘आता बघा, हे पाच कोपऱ्यात टाकले. पुरले का?’ वर्ग ओरडला, ‘नाही!’ ती काहीतरी म्हणाली, सगळे हसले, आणि नवी बाई टेबलावरून उतरली आणि तिनं हसत हसत ठकूच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला, लगेच उचलला. माझा स्वतःचा खांदा दुखायला लागला. मला आठवलं, ठकू सात वर्षांची असताना वजाबाकी तिच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी बटणांचा डबा टेबलावर उपडा केला होता. बाबाच्या शर्टाची पांढरी, माझ्या कोटाची तपकिरी. नवातून चार उचलायची. तिनं विचारलं, ‘उचललेली बटणं कुठे जातात?’ मी मूठ मिटून म्हटलं, ‘माझ्याकडे.’ मग ती दिवसभर मला वजाबाक्या घालत होती, माझी मूठ उघडून बघायला. म्हणजे मलाही येत होतं की. कधी सोडलं मी ते? कुठल्या वर्षी, कुठल्या सहामाहीत? अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, जानेवारीत सराव सुरू करायचा असतो, बटणं सांडतात, वेळ जातो, आणि ओरडून पाठ करून घेतलं की निकाल लागतो. मी नकाशा न घेताच परतले.

पूर्वपरीक्षेचा पेपर विषयप्रमुख काढते, आणि विषयप्रमुख मी आहे. चौथा प्रश्न पाच गुणांचा: एक्सचा वर्ग अधिक आठ एक्स अधिक अकरा, शिरोबिंदूच्या रूपात मांडा. पेपरबरोबर गुणदानाचा तक्ता लिहून द्यावा लागतो, कुठल्या पायरीला किती गुण, म्हणजे कुणीही तपासलं तरी फरक पडायला नको. पाच पायऱ्या, पाच गुण, मी सुवाच्य अक्षरात लिहिल्या. तक्ता संपला होता. पेनाला टोपण लावलं, काढलं, आणि खाली लिहिलं: ‘केवळ आकृती काढून उत्तर मिळवलेले असल्यास तीन गुण कमी करावेत.’ आधी दोन लिहिले होते. त्या दोनावर मी इतक्या सफाईनं तीन केले की मलासुद्धा जोड दिसेना. पाकिटाला डिंक लावला, जोडावर सही केली, कार्यालयात नेऊन दिलं. कारकुनानं नोंद केली, ‘पेपर सोपा आहे ना बाई? माझी भाची आहे ब तुकडीत.’ ‘अभ्यास केला असेल तर सोपाच आहे,’ मी म्हणाले. येताना जिन्यात नवी बाई भेटली, वह्यांचा ढीग हनुवटीखाली धरून. ‘ताई, पेपर झाला काढून? सुटलात!’ मी हसले. किती गोड हसता येतं माणसाला.

आमच्याकडे तपासायला तुकड्यांची अदलाबदल करतात. ब तुकडीचा गठ्ठा माझ्याकडे आला, अडतीस उत्तरपत्रिका. एकोणचाळिसावी ठकूची, ती नियमाप्रमाणे मुख्याध्यापिकांनी आधीच काढून घेतली होती. मुलांना सुट्टी, शाळा रिकामी, शिक्षकखोलीत आम्ही पाचसहा जण आपापल्या गठ्ठ्यात डोकं घालून. लांबच्या टोकाला ती, माझ्या अ तुकडीचे पेपर घेऊन. मी मुद्दाम चौथा प्रश्न आधी घेतला. लाल पेन झटकून तयार होते. पहिली उत्तरपत्रिका: सहगुणक आठ, अर्धे चार, वर्ग सोळा, सोळा मिळवले, सोळा वजा केले, एक्स अधिक चारचा वर्ग उणे पाच. चित्र नाही. पाच गुण. दुसरी: तशीच. तिसरी, चौथी, दहावी. एका पोरानं तर ‘अर्ध्याचा वर्ग मिळवू व वजा करू’ असं चक्क वाक्यच लिहिलं होतं. अडतीसच्या अडतीस, एकालाही चौकोन काढावासा वाटला नव्हता. काय झालं मला ते मी लपवणार नाही. अंगावर मूठभर मांस चढलं. शेवटी परीक्षा आली की मुलं मूळ धरतात! चित्रबित्र सगळं हसण्याखेळण्यापुरतं, वेळेला आईच आठवते. मी उठले, माठातून पेलाभर पाणी घेतलं, आणि ते पिता पिता फिरत फिरत तिच्या टेबलाशी गेले. ‘तुमच्या मुलांनी चौथा प्रश्न छान सोडवलाय हं. अगदी पद्धतशीर.’ तिनं वर पाहिलं. ‘हो का, ताई? चित्रं नीट काढली आहेत ना? घाईत काढतात ती.’ ‘चित्र कुणीच नाही काढलं.’ ‘कुणीच?’ ‘एकानंही नाही.’ तिचा चेहरा उतरला, अगदी थोडा, आणि ते थोडंसं मी पाण्याबरोबर पिऊन टाकलं. ‘बरं,’ ती म्हणाली आणि पेनाकडे बघत राहिली. मला तिची दयासुद्धा आली. जिंकल्यावर दया करायला काही खर्च पडत नाही.

दुपार कलली तेव्हा मी बेरजा करत होते. ऊन खिडकीतून तिरपं टेबलावर आलं होतं. एका उत्तरपत्रिकेच्या समासावर, जिथे मुलं कच्चं काम करतात तिथे, बोट फिरलं आणि कागद खडबडीत लागला. मी पान उन्हात तिरकं धरलं. चौकोन होता. मोठा चौकोन, दोन पट्ट्या, कोपरा. कोपऱ्यात बारीक ठिपके, अकरा भरलेले, पाच रिकामे. सगळा खोडरबरानं खोडलेला, फक्त पेन्सिलीचा दाब राहिलेला. मी दुसरी उचलली. तिथेही. तिसऱ्या पत्रिकेत इतका जोर लावून खोडला होता की कागद विरला होता. कुणी समासात काढून खोडला होता, कुणी मागच्या पानावर, कुणी माझ्या ओळी जिथे लिहिल्या बरोबर त्यांच्याच खाली, म्हणजे माझा मंत्र त्या चौकोनाच्या वळांवरून चालत गेला होता. अडतीस पानं मी एकेक करून उन्हात धरली. पस्तिसांत सापडला. मुलांनी उत्तर चौकोनातून काढलं होतं, मग चौकोन पुसला होता, आणि मग माझ्यासाठी, पाहुण्यासमोर घालायच्या कपड्यांसारख्या, माझ्या पायऱ्या वर चढवल्या होत्या. मूळबीळ कुणी धरलं नव्हतं. त्यांनी मला चकवलं होतं. पण चकवणाऱ्याला मजा येते, आणि या खोडण्यात मजा दिसत नव्हती, काळजी दिसत होती. मी तो गठ्ठा तसाच उचलून तिच्यापुढे ठेवला. ‘हे तुम्ही सांगितलंत?’ तिनं पान उन्हात धरलं. बराच वेळ धरलं. ‘नाही, ताई,’ ती म्हणाली. ‘मी उलट सांगितलं होतं. मुलं विचारत होती, चित्र चालेल का. मी म्हटलं, बिनधास्त काढा, पेपर ताई तपासणार आहेत, बरोबर असेल त्याला त्या पूर्ण गुण देतील, त्या कुणाचं हक्काचं कापणार नाहीत.’ तिनं पुढचं पान उचललं. ‘सगळ्यांनी खोडलं?’ तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती खोटं बोलत नव्हती. ती खोटं बोलत असती तर फार बरं झालं असतं. तक्त्यातली शेवटची ओळ तिनं आज तपासताना वाचली होती, अ तुकडीसाठी तिच्याकडे तोच तक्ता होता. ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

घरी आले तेव्हा ठकू तिच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री करत होती. टेबलावर जाड चादर पसरलेली, दोन्ही खुर्च्या भिंतीशी सरकवलेल्या. मी चपला काढल्या, हात धुतले नाहीत. ‘खोडायला वर्गाला तू सांगितलंस?’ तिनं इस्त्री उभी केली. नाही म्हणाली असती तर मी मानलं असतं, मला मानायचंच होतं. ‘हो,’ ती म्हणाली. ‘का?’ ‘बाई म्हणाल्या, ताई पूर्ण गुण देतील. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, नाही देणार.’ ‘बाईंसमोर?’ ‘नाही, नंतर. मैदानावर.’ ‘तुला काय माहीत मी देणार नाही ते?’ ती माझ्याकडे बघायला लागली, रागानं नाही. ‘मला नाही तर कुणाला माहीत असणार, आई?’

मी भिंतीशी सरकवलेल्या खुर्चीत बसले, माझी कुठली, तिची कुठली ते न बघता. मला त्या क्षणी ठकूचा राग यायला हवा होता, निदान त्या दुसरीचा तरी. पण मला मत्सर वाटत होता तो एका तिसऱ्याच बाईचा. नव्या बाईच्या मनात एक ताई होती, न्यायी, मोठ्या मनाची, कुणाचं हक्काचं न कापणारी. तिच्या भरवशावर ही पोरांना बिनधास्त काढा म्हणाली होती. ती ताई मी कधीच नव्हते. मी ती असते तर माझ्या शेजारी कुणीही येऊन बसलं असतं. आणि माझी लेक, जिचं कोपर आठ वर्षं माझ्या कोपराला लागलेलं, तिनं त्या ताईवर क्षणभरही विश्वास ठेवला नाही. तिनं मला ओळखलं आणि अडतीस मुलांना माझ्यापासून वाचवलं. ‘मला सांगितलं असतंस तर,’ मी म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं. ‘तू म्हणालीस ना, माहितीये म्हणून,’ ती हलकेच म्हणाली. ‘मग काय सांगणार?’ तिनं गणवेशाची बाही उलटी केली, घडी नीट बसवली. बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, बाबा नव्हता.

‘कापले असतेस ना पण?’ तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिला उत्तर पडताळून बघायची सवय मीच लावली आहे.

‘हो,’ मी म्हणाले.

‘किती?’

‘दोन.’

तिनं इस्त्री उचलली. बाहीवरून एकदा फिरवली, परत उभी केली.

‘मी वर्गात तीन सांगितले होते,’ ती म्हणाली.

‘तीनच,’ मी म्हणाले.